‘आमचा कुत्रा माणूस ओळखतो’

कुत्रा पाळणाऱ्या मराठी कुटुंबांत जी वाक्ये कोणत्याही पुराव्यावाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहेत, त्यांत ‘आमचा कुत्रा माणूस बरोबर ओळखतो’ या वाक्याचे स्थान फार वरचे आहे. फाटकाबाहेर एखादा निरुपद्रवी गृहस्थ सायकलच्या आडोशाला उभा असतो, फाटकाच्या आत एक मध्यम आकाराचा प्राणी मागच्या दोन पायांवर उभा राहून घसा फोडत असतो, आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला मालक त्या गृहस्थाकडे, क्षणापूर्वी मनातही नसलेल्या संशयाने, नव्याने पाहू लागतो. हे वाक्य उच्चारले जाते ते नेमके अशा वेळी. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे वाक्य, त्यामागची समजूत, आणि त्या समजुतीपायी ज्याच्या भीतीकडे कोणाचेच लक्ष जात नाही तो कुत्रा, असा तिहेरी आहे. विवेचनाचे क्षेत्र मुख्यतः जबलपूर शहरातील अधारताल या वस्तीपुरते ठेवले आहे, कारण पशुवैद्यकाचे विद्यापीठ हाताशी असूनही कुत्र्याविषयीचे अंतिम मत आजोबांचेच मानले जाते, अशी वस्ती अभ्यासाला सोयीची असते.

अधारताल हे मुळात एका तळ्याचे नाव. गोंडवनाची राणी दुर्गावती, जी १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना मरण पावली, तिच्या नावाने राणीताल, तिच्या चेरीच्या म्हणजे दासीच्या नावाने चेरीताल आणि तिचा दिवाण अधारसिंह याच्या नावाने अधारताल, अशी तीन तळ्यांची वाटणी जबलपूरची लोकपरंपरा सांगते. दासीच्या नावावरही स्वतंत्र तळे असावे इतकी सुबत्ता त्या काळी होती, आज त्याच भागात भाडेकरूला पाण्याची स्वतंत्र टाकी मिळणे कठीण आहे. पुढे तळ्याभोवतीच्या वस्तीला तळ्याचेच नाव पडले. १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय याच भागात आहे, आणि १९४८ पासून चालत आलेले जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय काही काळ या कृषी विद्यापीठाचे अंग राहून २००९ मध्ये स्थापन झालेल्या नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विश्वविद्यालयाकडे गेले. हे नानाजी मूळचे आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळीचे, त्यामुळे येथील कुत्र्याला सुई टोचली जाते तीही एका मराठी नावाच्या छत्राखाली, याची नोंद अभिमानी वाचकांनी घ्यावी. कुत्र्याने ती घेतल्याचे आढळत नाही.

मराठी माणूस जबलपुरात आला तो आधी सत्तेबरोबर, कारण नागपूरकर भोसल्यांनी १७९८ मध्ये हे शहर घेतले आणि १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या हाती गेले. त्यानंतर तो रेल्वे, १९०४ मधला तोफगाड्यांचा कारखाना, शाळा-महाविद्यालये अशा नोकऱ्यांच्या निमित्ताने येत आणि रुजत राहिला. कुत्र्याच्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाची फलश्रुती एवढीच, की त्याला घरात एक भाषा आणि फाटकाबाहेर दुसरी भाषा ऐकावी लागते, आणि दोन्ही भाषांनी जणू आपसांत ठरवून नेमके तेच शब्द निवडले आहेत. आजी ‘बस’ म्हणते तेव्हा त्याने बूड टेकायचे असते, शेजारचे गृहस्थ ‘बस, बस’ म्हणतात तेव्हा तोंड मिटायचे असते. मराठीत ‘ये’ म्हणजे जवळ येण्याची आज्ञा. पण फाटकाशी येणारा हिंदीभाषी पाहुणा पहिलेच वाक्य ‘ये काटता तो नहीं?’ असे उच्चारतो, आणि आज्ञाधारक कुत्रा त्यातील पहिल्या शब्दाचे पालन करण्यासाठी त्याच्याकडे झेपावतो. खुद्द मराठीही या बाबतीत निर्दोष नाही, कारण कुत्र्याला हाकलण्यासाठी तिने जो ‘हाड’ हा शब्द योजला आहे, तोच त्याच्या सर्वांत आवडत्या वस्तूचे नाव आहे.

या फाटकासमोरून दिवसभरात जी मनुष्यजात जाते तिची विविधता एखाद्या छोट्या जनगणनेला पुरावी अशी असते. कृषी विद्यापीठातील विद्यार्थी रुंद कडांच्या टोप्या घालून प्रक्षेत्रावरून परततात. स्कूटीवरून जाणाऱ्या मुली मे महिन्यात लू लागू नये म्हणून डोळे तेवढे सोडून चेहरा ओढणीने असा गुंडाळतात, की सख्ख्या मावशीनेही ओळखू नये. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेला कोणी हेल्मेट न काढताच पत्ता विचारतो. गॅसवाला खांद्यावर लाल सिलिंडर घेऊन येतो, म्हणजे कुत्र्याच्या हिशेबी दोन डोक्यांचा प्राणी येतो. घरपोच जेवण आणणाऱ्या मुलाच्या पाठीवर चौकोनी कुबड असते. आणि जानेवारीच्या थंडीत निवृत्त मंडळी माकडटोपीत शिरून फिरायला निघतात. नर्मदेचा काठ येथून दूर असला तरी महाराष्ट्रातून परिक्रमेला निघालेला एखादा लांबचा काका, दाढी वाढवून, पांढरे वस्त्र नेसून, दंड आणि कमंडलू घेऊन, वाट वाकडी करून नातलगांकडे रात्रीपुरता टेकायला येतो. परिक्रमावासीने नर्मदा सतत उजव्या हाताला ठेवावी असे शास्त्र सांगते. यजमानांचा कुत्रा कोणत्या हाताला ठेवावा याविषयी ते मौन बाळगते.

कुत्रा या सर्वांवर सारखा भुंकत नाही, तो निवडून भुंकतो, आणि ही निवडच घरच्यांना न्यायनिवाड्यासारखी वाटते. वास्तविक ती निवड दृष्टीच्या आणि सवयीच्या मर्यादांतून आलेली असते. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. त्यामुळे निळा आणि पिवळा हे रंग त्याला वेगळे दिसतात आणि लाल-हिरव्यातला भेद जवळजवळ पुसला जातो, हे १९८९ मध्ये अमेरिकेतील प्रयोगांनी दाखवून दिले. शिवाय बारकावे टिपण्याची त्याची क्षमता माणसाच्या मानाने बरीच कमी असल्यामुळे दूरचा मनुष्य त्याला चेहऱ्याने कमी आणि आकृतीने व चालीने जास्त कळतो. अशा आकृतीवर हेल्मेट चढले की डोके उरते, पण डोळे, नाक, तोंड नाहीसे होतात. दाढी वाढली की हनुवटी जाते. छत्री फटकन उघडली की क्षणापूर्वी सडपातळ असलेला मनुष्य एकाएकी दीड मीटर रुंद होतो. नाकाने खरी ओळख पटू शकली असती हे खरे, परंतु वारा उलट दिशेने वाहत असेल तर वास पोचेपर्यंत भुंकून झालेले असते, आणि एकदा जाहीर केलेले मत मागे घेण्याची पद्धत कुत्र्यांतही फारशी नाही.

अपरिचित आकृतीला घाबरण्याच्या या वृत्तीला ‘नवभय’ म्हणता येईल, आणि तिचे मूळ बहुधा पिलाच्या पहिल्या तीन महिन्यांत सापडते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी मेन राज्यातील बार हार्बर येथे कुत्र्यांच्या वर्तनाचा वर्षानुवर्षे अभ्यास करून १९६५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ‘संवेदनक्षम काळ’ ही कल्पना विस्ताराने मांडली आहे. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू जे काही शांतपणे पाहते, हुंगते आणि ऐकते, ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग ठरते, आणि या मुदतीत न भेटलेल्या वस्तूला पुढे आयुष्यभर आपली ओळखपत्रे दाखवावी लागतात, असे या कल्पनेचे थोडक्यात स्वरूप आहे. तेथेच झालेल्या आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिले कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत मनुष्यस्पर्शावाचून वाढवली होती. १४ आठवड्यांपर्यंत ज्यांना माणूस भेटला नाही, ती नंतर माणसाला जवळ फिरकू देईनात.

आता मध्यमवर्गीय घरातील पिलाचे पहिले तीन महिने कसे जातात हे पाहिले, तर प्रयोगशाळेची आठवण होणे अपरिहार्य आहे. पिलू दीड-दोन महिन्यांचे असताना घरी येते, लसींचा क्रम पुरा होईपर्यंत त्याला बाहेर काढू नये असे सर्वजण सांगतात, आणि पार्व्होसारखा जीवघेणा विषाणू रस्त्यावर असतो म्हणून तो सल्ला अगदीच निराधारही नसतो. परंतु लसी पुऱ्या होतात तेव्हा चौथा महिना लागलेला असतो आणि पिलाच्या मनातील माणसांच्या चित्रसंग्रहात आई, बाबा, आजी, आजोबा, कामाच्या मावशी आणि सुई हातात धरलेले एक डॉक्टर, एवढीच सहा चित्रे असतात. पशुवर्तनाच्या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेने २००८ मध्येच असे मत दिले होते, की पहिल्या लसीनंतर आठवडाभराने, योग्य ती काळजी घेऊन, पिलाला जग दाखवायला आरंभ करावा. अधारतालात याचा व्यवहारी अर्थ असा होतो, की पिलाला रस्त्यावर न सोडता मांडीवर घेऊन संध्याकाळी ओट्यावर बसावे आणि टोप्या, दाढ्या, छत्र्या व सिलिंडर यांचे दर्शन त्याला खाऊच्या साथीने दुरूनच घडू द्यावे. २०२० च्या टाळेबंदीत घरी आलेल्या पिलांना तर एवढेही मिळाले नाही; त्यांतल्या काहींना माणूस म्हणजे नाकापासून हनुवटीपर्यंत कापडच असते असे वाटले असेल, तर तो दोष त्यांच्या निरीक्षणाचा नव्हे.

भीतीची ही साधी कारणमीमांसा घरच्यांना मात्र नीरस वाटते, आणि म्हणून तिच्या जागी एखादे चरित्र रचले जाते. दाढीवाल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याला पूर्वी कोणी दाढीवाल्याने काठीने मारलेच असले पाहिजे, असे अनुमान काढले जाते, आणि पिलू सातव्या आठवड्यापासून याच घरात आहे, तेव्हा तो दाढीवाला आला कधी आणि मारले कधी, हा प्रश्न विचारणारा रसभंग करणारा ठरतो. वाईट अनुभवाने भीती बसते आणि ती सारख्या दिसणाऱ्या वस्तूंवर पसरते, हे अर्थात खरे आहे. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये अल्बर्ट नावाच्या तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवतानाच मोठा आवाज करून घाबरवले, तेव्हा ते मूल पुढे सशाला, केसाळ कोटाला आणि नाताळबाबाच्या दाढीवाल्या मुखवट्यालाही भ्यायले. आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही. पण प्रत्येक भित्र्या कुत्र्याच्या मागे एक खलनायक असतोच असे नाही. पुष्कळदा तेथे केवळ एक बंद फाटक असते, आणि काही वेळा आईबापांकडून आलेला उपजत बुजरेपणा असतो.

‘माणूस ओळखतो’ या मताला आजोबांकडे एक भक्कम पुरावा असतो: ज्या विमा प्रतिनिधीने पुढे फसवले, त्याच्यावर कुत्रा पहिल्याच दिवशी भुंकला होता. तोच कुत्रा पोस्टमनवर, आजोबांच्या सख्ख्या मेहुण्यावर, महापालिकेच्या कचरागाडीवर आणि दारामागे टांगलेल्या रेनकोटवर तितक्याच तळमळीने भुंकला होता, ही आकडेवारी मात्र जपली जात नाही. जो सगळ्यांवरच भुंकतो त्याचे भाकीत कधीतरी खरे ठरणारच. पोस्टमनचे प्रकरण तर विशेष बोधप्रद आहे, कारण तो पत्र टाकून रोज निघून जातो आणि कुत्र्याच्या लेखी तो आपल्या भुंकण्यामुळेच निघून जातो. ज्या कृतीचे फळ हवे तसे मिळते ती कृती बळावते, या नियमाला मानसशास्त्रात ‘प्रबलन’ म्हणतात, आणि या नियमानुसार सरकारी टपालखाते गेली कित्येक वर्षे देशभरातील कुत्र्यांना विनामूल्य प्रशिक्षण देत आले आहे.

बाह्य रूपावरून माणूस ओळखण्याचा आग्रह निदान जबलपुरात तरी कोणी धरू नये. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात ठगांविरुद्धची मोहीम याच शहरातून चालवली आणि शरण आलेल्या ठगांसाठी येथेच उद्योगशाळा काढली. अधारतालच्या स्थानकावरून कटनीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्लीमनाबाद आजही लागते. त्याच्या नोंदींत अतिशयोक्ती किती यावर इतिहासकारांत वाद आहेत, परंतु त्या नोंदींतील ठगाचे मुख्य भांडवल त्याचे सभ्य, मनमिळाऊ आणि विश्वास बसावा असे रूपच होते. म्हणजे ज्यांना पाहून भुंकायला हवे होते ते स्वच्छ कपड्यांत, गोड बोलत, वाटसरूंना सोबत करीत होते. आणि आजचा कुत्रा भुंकतो तो सिलिंडर उचलून घामाघूम झालेल्या माणसावर.

या विषयातील सर्वांत जुने आणि सर्वांत ठळक प्रकरण महाभारताच्या आदिपर्वात आहे, आणि आश्चर्य असे, की त्याकडे श्वानवर्तनाच्या अंगाने क्वचितच पाहिले जाते. पांडव शिकारीला निघाले, त्यांच्याबरोबर एक सेवक आणि त्याचा कुत्रा होता, आणि अरण्यात भटकताना त्या कुत्र्याला एकलव्य दिसला: सावळ्या वर्णाचा, अंग मळलेले, मृगाजिन पांघरलेला, डोक्यावर जटा. राजवाड्याच्या परिसरात वाढलेल्या कुत्र्याच्या चित्रसंग्रहात ही आकृती नव्हती. तो तिथेच उभा राहून भुंकत राहिला, आणि एकलव्याने त्याच्या तोंडात जणू एकाच वेळी सात बाण मारले. भुंकणे थांबले, हे कबूल केले पाहिजे. बाणांनी तोंड भरलेला कुत्रा पांडवांकडे परत गेला तेव्हा त्यांनी बाण मारणाऱ्याच्या हस्तलाघवाचे कौतुक केले, अर्जुन कष्टी होऊन द्रोणाकडे गेला, आणि कथा कुत्र्याला तेथेच सोडून अंगठ्याकडे वळली. रूप पाहून माणसाला दूर लोटण्याची खोड त्या कथेत केवळ कुत्र्यालाच होती असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच, की कुत्र्याची खोड मांसाच्या चार तुकड्यांनी गेली असती.

याउलट उदाहरण पुष्कळ मराठी घरांच्या देव्हाऱ्यावरच टांगलेले असते. दत्ताच्या तसबिरीत तीन मस्तके, सहा हात, जटा, भस्म, त्रिशूळ, दंड, कमंडलू, म्हणजे कुत्र्याला बुजवणारी एकूण एक सामग्री एकाच देहावर एकवटलेली असते, आणि तरीही चार कुत्री पायाशी निवांत असतात. परंपरेने त्यांना चार वेद मानले आहे. पशुवर्तनाच्या दृष्टीने पाहणारा मात्र एवढेच म्हणेल, की त्यांचे बालपण फार चांगले गेले असले पाहिजे.

ज्यांचे बालपण इतके चांगले गेलेले नाही, त्यांच्यासाठी घरोघरी दोन उपाय योजले जातात आणि दोन्ही चुकीचे असतात. पहिला उपाय धैर्याचा: कुत्र्याला पट्ट्याने घट्ट धरून पाहुण्याला ‘काही करत नाही हो, हात लावा डोक्याला’ असे आग्रहाने सांगायचे. भीतीच्या विषयात एकदम बुडवून काढण्याच्या या पद्धतीत कुत्रा कधीकधी गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याला बरे होणे समजले जाते; प्रत्यक्षात त्याने हताश होऊन हात टेकलेले असतात, आणि पुढल्या खेपेस तो सूचना न देता चावण्याची शक्यता वाढलेली असते. दुसरा उपाय शिस्तीचा: गुरगुरला की फटका. गुरगुरणे ही गॅसगळतीच्या वासासारखी सूचना आहे, आणि वास आला म्हणून कोणी नाक कापत नाही. फटक्यामुळे भीती जात नाही, फक्त तिचा भोंगा बंद पडतो. शिवाय दाढीवाला आला की मार बसतो, हे कुत्र्याच्या ध्यानात पक्के राहते आणि दाढीवाल्याविषयीचे त्याचे मूळ मत आणखी घट्ट होते. ‘भुंकणारा कुत्रा चावत नाही’ ही म्हण ज्याने रचली, त्याने ती कुत्र्याला विचारून रचली नव्हती.

योग्य उपायाचा आद्य प्रयोग कुत्र्यावर नव्हे, तर पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर झाला. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये त्याची सशाची भीती घालवली, ती अशी: पीटर आवडीचे खात असताना ससा आधी लांब ठेवायचा आणि मग, त्याचे खाणे थांबणार नाही अशा बेताने, थोडा थोडा जवळ आणायचा. यातील जवळ आणण्याच्या भागाला ‘क्रमिक विसंवेदन’ म्हणतात, म्हणजे भीतीची मात्रा इतकी सौम्य ठेवणे की तिची सवय व्हावी; आणि खाऊच्या भागाला ‘प्रति-अभिसंधान’ म्हणतात, म्हणजे ज्या वस्तूशी भीती जोडली गेली आहे तिच्याशी सुख जोडणे. कुत्र्याच्या बाबतीत पहिले काम अंतर ठरवण्याचे असते. ज्या अंतरावरून तो हेल्मेटवाल्याला पाहतो, पण भुंकत नाही आणि खातो, ते त्याच्या भीतीच्या उंबरठ्याअलीकडचे अंतर. अधारतालच्या अरुंद गल्लीत ते सापडत नसेल तर विद्यापीठाकडच्या रुंद रस्त्याच्या कडेला जावे. दुरून डोंगर साजरे ही म्हण उपहासाने वापरली जात असली, तरी श्वानोपचारात ती अक्षरशः खरी आहे. खाणे हाच येथे तापमापक: कुत्रा पनीरकडे पाठ फिरवू लागला, ओठ चाटू लागला, झोप आलेली नसताना जांभया देऊ लागला किंवा डोळ्यांचे पांढरे दाखवू लागला, की अंतर कमी पडले असे समजून निमूटपणे मागे फिरावे.

खाऊ नेहमीचा असून भागत नाही. पोळीच्या तुकड्यासाठी कोणी आपले मत बदलत नाही. बिनमसाल्याचे उकडलेले चिकन, आणि शाकाहारी घरात पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे करून, केवळ याच कामासाठी राखून ठेवावे. कांदा, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात, आणि जबलपूरची खव्याची जिलबी कितीही प्रसिद्ध असली तरी ती या उपचारात बसत नाही. ती मालकाने धीर सुटेल तेव्हा स्वतः खावी. क्रमालाही फार महत्त्व आहे: आधी हेल्मेटवाला दिसला पाहिजे, मग पनीर आले पाहिजे, आणि हेल्मेटवाला दिसेनासा होताच पनीर थांबले पाहिजे. हा क्रम उलटला आणि पिशवी आधी खुळखुळली, तर पनीर निघाले म्हणजे काहीतरी भयंकर येणार, असा निष्कर्ष कुत्रा काढतो, आणि आठवडाभरात त्या घरात माणसांबरोबर पनीरलाही भिणारा कुत्रा तयार होतो. क्रम बरोबर राहिला तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनी, किंवा स्वभाव फारच बुजरा असेल तर काही महिन्यांनी, हेल्मेट दिसताच कुत्रा भुंकण्याऐवजी वळून मालकाच्या खिशाकडे पाहतो. संबंध शास्त्रात याहून सुंदर दृश्य नाही.

वस्तूंची ओळख घरातल्या घरात करून देता येते. हेल्मेट जमिनीवर ठेवून त्याभोवती खाऊ टाकावा, दोन दिवसांनी ते खुर्चीवर, मग घरच्या माणसाच्या हातात, मग कुत्र्याच्या देखत डोक्यावर न्यावे. माकडटोपी, छत्री, ओढणी आणि रेनकोट यांचाही असाच प्रवेशसंस्कार करावा. दाढीची सोय अशी होत नाही, कारण ती टप्प्याटप्प्याने लावता-काढता येत नाही. तेथे दाढी राखणाऱ्या एखाद्या सहनशील शेजाऱ्याचे साह्य घ्यावे लागते आणि त्याने दर संध्याकाळी वीस पावलांवरून नुसते जावे-यावे लागते. अशा शेजाऱ्याला चहा पाजणे हे उपचारखर्चात धरावे.

अवघड काम कुत्र्याला शिकवण्याचे नसून घरच्यांना शिकवण्याचे असते. बाबा नियम पाळतात तेव्हा आजोबा ‘छू’ म्हणून मौज पाहतात. आई अंतर राखते तेव्हा मुलगा मित्रांना कुत्रा दाखवायला फाटक उघडतो. आणि ‘बस’ या शब्दाचा एकच अर्थ ठरवायला बसलेल्या बैठकीत शेवटी सगळेच भुंकतात. पाहुण्यांचा बेत असेल तर कुत्र्याला आधीच आतल्या खोलीत, त्याच्या जागी, चघळायला काहीतरी देऊन ठेवणे हे आतिथ्याच्या विरुद्ध नाही. परिक्रमेच्या काकांना तर ती पुण्यप्राप्ती वाटेल.

ज्या कुत्र्याची भीती एकाएकी सुरू झाली किंवा वाढली, त्याला पनीरच्या आधी पशुवैद्याकडे न्यावे, कारण सांधेदुखी, कानाचे दुखणे किंवा मंदावलेली दृष्टीही कुत्र्याला चिडका आणि भित्रा करते. भीती फार तीव्र असेल तर पशुवैद्य चिंता कमी करणारी औषधेही देतात आणि ती या शिकवणीला पूरक ठरतात. चावण्याचा धोका असेल तेथे तोंडाला जाळी लावण्याची सवयही खाऊनेच लावावी. एवढे करूनही कोणाला दात लागलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, मिरची आणि आजोबांचे मत यांपैकी काहीही जखमेवर लावू नये.

आता एक विनंती, आणि ती वाचकांपैकी जे कधीतरी अधारतालात कोणाकडे पाहुणे म्हणून जातील त्यांना. हेल्मेट फाटकाबाहेरच काढून हातात घ्यावे, छत्री मिटावी, कुत्र्याच्या डोळ्यांत पाहू नये, वाकून ‘यू यू’ करू नये, आणि त्याच्याकडे बाजू करून, तो जणू तेथे नाहीच असे समजून, सरळ खुर्चीत जाऊन बसावे. चहा येईपर्यंत तो आपणहून येऊन पाय हुंगून जाईल. न आला तर त्या दिवशी तेवढ्यावरच समाधान मानावे.